लिहून ठेवलेला सर्व्हर

३ फेब्रुवारी २०२३ला फ्रान्सच्या सरकारी सायबर सुरक्षा पथकाने एक इशारा दिला. व्हीएमवेअर कंपनीच्या ‘ईएसएक्सआय’ या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरांवर खंडणीखोरांनी हल्ला चढवला होता. आठवडाही उलटला नव्हता तोच अमेरिकेतल्या ‘सिसा’ आणि एफबीआय या यंत्रणांच्या संयुक्त पत्रकात जगभरातल्या बाधित सर्व्हरांचा आकडा ३,८००च्या वर गेलेला होता. सुरक्षा संस्थांनी ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं ती नवी नव्हती. तिच्यावरची दुरुस्ती व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१मध्ये, म्हणजे तब्बल दोन वर्षं आधी, दिलेली होती. पण या हल्ल्यातली खरी बोलकी गोष्ट पुढेच आहे. आत शिरल्यावर सगळी कामगिरी पार पाडली ती एका शेल स्क्रिप्टने, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीने. सर्व्हरवर कोणती आभासी यंत्रं आहेत ते ती शोधायची, त्यांच्या मांडणीच्या फाइलींत डिस्कची नावं बदलायची, चालू यंत्रं बंद पाडायची आणि मग एकेक फाइल कुलूपबंद करत जायची. सुटकेचा मार्ग निघाला तोही स्क्रिप्टनेच. तुर्कस्तानातल्या दोन संशोधकांना आढळलं की मोठ्या डिस्कफाइली बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत. मोडलं आहे ते त्यांचं वर्णन, आणि ते पुन्हा लिहून काढता येतं. त्यांच्या पद्धतीवर आधारलेली स्क्रिप्ट सिसाने ७ फेब्रुवारीला सर्वांसाठी खुली केली. पुढच्या लाटेत हल्लेखोरांनी पद्धत बदलली आणि तो मार्गही अरुंद झाला, हेही सांगायला हवं.

या प्रकरणाकडे सहसा ‘वेळेवर अपडेट करा’ या धड्याचं उदाहरण म्हणून पाहिलं जातं. ते योग्यच आहे, पण अपुरं आहे. माझ्या मते त्यातून अधिक मूलभूत गोष्ट दिसते. सर्व्हरची रचना हल्लेखोरांकडे लिहिलेल्या रूपात होती आणि मालकांपैकी बऱ्याच जणांकडे ती तशी नव्हती. त्यांच्याकडे चालू सर्व्हर होता आणि तो कसा उभा राहिला याची कुणाच्या तरी डोक्यातली आठवण होती. आभासी यंत्रं सांभाळणारा सर्व्हर हाताने मांडू नये, तो लिहून मांडावा, आणि ते लेखन रिकाम्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय पुरं झालं असं मानू नये, अशी माझी भूमिका आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी बँका, पतसंस्था, महाविद्यालयं, रुग्णालयं आणि कारखाने यांच्या सर्व्हर रूममध्ये आज हा प्रश्न रोजचा आहे. म्हणून तो फक्त संगणकवाल्यांवर सोडून चालणार नाही.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका दणकट यंत्रावर विशिष्ट सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक चालवता येतात. एकात हिशोबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात ईमेल, तिसऱ्यात वेबसाइट. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं स्वतंत्र असायची, चुली वेगळ्या असायच्या, पण विहीर, जिना आणि दिंडी दरवाजा एकच. इथे वाडा म्हणजे ‘होस्ट’ आणि बिऱ्हाडं म्हणजे आभासी यंत्रं, ‘व्हीएम’. बिऱ्हाडकरूचा दिवा गेला तर एका घरात अंधार होतो, पण विहीर नासली की सगळेच अडचणीत येतात. पूर्वी दहा सर्व्हर असत, त्यातला एक बिघडला तर एक काम अडायचं. आता एक होस्ट बसला की दहाही कामं एकदम थांबतात. जोखीम अशी एका जागी गोळा झाली, पण तो होस्ट मांडण्याची पद्धत मात्र तशीच राहिली. कुणी तरी येतो, पेनड्राइव्ह लावतो, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत इन्स्टॉल करतो आणि जातो.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. आभासी यंत्रांचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे, आणि लिहून काम करण्याची रीत त्यात पहिल्यापासून मुरलेली आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात ‘सीपी-४०’ ही प्रणाली १९६७मध्ये चालू झाली, आणि तिच्याच वंशातली ‘व्हीएम/३७०’ १९७२मध्ये बाजारात आली. या यंत्रांवर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा आभासी संगणक मिळे, आणि नेहमीच्या आज्ञा फाइलीत लिहून एकामागून एक चालवता येत. माइक कोलिशॉ यांनी १९७९मध्ये घडवायला घेतलेली ‘रेक्स’ ही स्क्रिप्टभाषा याच वातावरणात वाढली. पुढे स्वस्त पीसींचा काळ आला. त्यांचे प्रोसेसर आभासीकरणासाठी बनवलेलेच नव्हते. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती अडचण सॉफ्टवेअरच्या करामतीने सोडवली. मग २००५ आणि २००६मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली, आणि फेब्रुवारी २००७मध्ये ‘केव्हीएम’ हे आभासीकरणाचं सॉफ्टवेअर लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. यंत्रं स्वस्त झाली, खिडक्या-बटणांचे सुरेख पडदे आले, आणि आज्ञा लिहून ठेवण्याची सवय मागे पडली.

होस्ट मांडणं म्हणजे नेमकं काय, ते एका चालू उदाहरणावर पाहू. व्हिएन्नातल्या कंपनीने २००८मध्ये पहिल्यांदा आणलेलं ‘प्रॉक्समॉक्स’ हे डेबियन लिनक्स आणि केव्हीएमवर उभं असलेलं मुक्त सॉफ्टवेअर लहान-मध्यम संस्थांत बरंच वापरलं जातं. ते टाकताना घ्यावे लागणारे निर्णय मोजायला बसलं तर थकायला होतं. दोन डिस्कची जोडी आरशासारखी ठेवायची की नाही, झेडएफएस या साठवण प्रणालीने स्वतःसाठी किती मेमरी घ्यावी, कोणतं नेटवर्क कार्ड कोणत्या आभासी ब्रिजला जोडायचं, हिशोब विभागाचं आणि पाहुण्यांच्या वाय-फायचं जाळं वेगळं कुठे करायचं, घड्याळ कुणाकडून मिळवायचं, लॉग कुठे पाठवायचे, बॅकअप किती वाजता आणि कुठे जाणार, कोण लॉगिन करू शकतो. यातला एकेक निर्णय क्षुल्लक दिसतो. पण तीन वर्षांनी होस्ट जळाला की नेमक्या याच गोष्टी आठवत नाहीत. एप्रिल २०२४च्या ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलरला ही पहिली उत्तरं एका साध्या मजकूर-फाइलीत देता येतात. ती फाइल दिली की समोर कुणीही न बसता यंत्र उभं राहतं. नंतरचं काम आज्ञांनी होतं. ‘क्यूएम’ या आज्ञेने एक नमुना व्हीएम तयार करायचा, त्याचा साचा करायचा आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. प्रत्येक प्रतीला तिचं नाव, पत्ता आणि लॉगिनची किल्ली ‘क्लाउड-इनिट’ या साधनाकडून पहिल्यांदा सुरू होतानाच मिळते. लिबव्हर्ट हे साधन वापरणाऱ्यांकडे प्रत्येक व्हीएमचं वर्णन एक्सएमएल फाइलीत असतं आणि ‘व्हिर्श’ने ते वाचून यंत्र घडवता येतं. थोडक्यात, साधनं हातात आहेत, आणि त्यातली बरीचशी फुकट आहेत.

पण आज्ञांची यादी म्हणजे चांगली स्क्रिप्ट नव्हे. फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडणारी आज्ञा दोनदा चालवली की ती ओळ दोनदा येते, दहादा चालवली की दहादा. अशी स्क्रिप्ट पहिल्या दिवशी उपयोगी आणि दुसऱ्या दिवशी धोकादायक. ‘ही ओळ तिथे असली पाहिजे, असेल तर हात लावू नको, नसेल तर घाल’ असं सांगणारी स्क्रिप्ट कितीही वेळा चालवा, यंत्र त्याच स्थितीला येऊन थांबतं. हा विचार मार्क बर्जेस यांनी १९९३मध्ये ऑस्लोत सुरू केलेल्या ‘सीएफइंजिन’ या साधनाने रुजवला, आणि २०१२मध्ये आलेल्या ‘अन्सिबल’ने तो सामान्य प्रशासकाच्या आवाक्यात आणला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे स्क्रिप्टचं कामच बदलतं. ती एकदा वापरून फेकायची वस्तू राहत नाही. होस्ट आज कसा आहे आणि कसा असायला हवा यातला फरक ती रोज दाखवू शकते. कुणी रात्री घाईत एक सेटिंग बदललं, तर सकाळी ते दिसतं.

हाताने काम करण्यातला धोका किती मोठा असू शकतो याचा पुरावा न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने दिलेला आहे. १ ऑगस्ट २०१२ला ‘नाइट कॅपिटल’ या दलाली कंपनीच्या यंत्रणेने पाऊण तासात लाखो चुकीचे व्यवहार केले. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी काढलेल्या आदेशानुसार कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर होता. कारण असं की नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरांवर टाकायचं होतं आणि तंत्रज्ञाने ते सातांवर टाकलं. आठव्यावर अनेक वर्षांपूर्वी वापरातून काढलेला जुना कोड तसाच होता आणि तो जागा झाला. दुसऱ्या कुणी तपासणी केली नाही, कारण तशी लेखी पद्धतच नव्हती. त्या तंत्रज्ञाला निष्काळजी म्हणणं सोपं आहे, पण आठ ठिकाणी तेच काम हाताने करणारा माणूस कधीतरी सातांवर थांबणारच. यंत्रांची यादी वाचून प्रत्येकावर तेच काम करणारी आणि शेवटी आठांचाही ताळा घेणारी पन्नास ओळींची स्क्रिप्ट हे थांबवू शकली असती, असं मला खात्रीने वाटतं.

आपल्याकडच्या सर्व्हर रूममधलं सर्वांत प्रचलित वाक्य आहे: ‘चालतंय ना, मग हात लावू नका.’ यामागे आळस नसतो, भीती असते, आणि ती रास्त असते. होस्ट पुन्हा उभा करता येईल याची खात्री नसेल तर त्यावर अपडेट टाकण्याचं धाडस कोण करणार? अपडेटनंतर होस्ट उठलाच नाही तर पगारपत्रक, पावत्या, रुग्णांचे कागद सगळं अडकणार. म्हणून दुरुस्त्या वर्षानुवर्षं लांबतात, आणि २०२३सारखा हल्ला येतो तेव्हा दार उघडंच असतं. ही भीती उपदेशाने जात नाही. ‘हा बिघडला तर दुसऱ्या यंत्रावर स्क्रिप्ट चालवून दुपारपर्यंत उभा करतो’ असं म्हणता येईल तेव्हाच ती जाते. दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ला हल्ला झाला तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाचं कामकाज अनेक दिवस कागदावर चालवावं लागलं. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि कारण होतं नेटवर्कची नीट विभागणी नसणं. होस्टवर ही विभागणी म्हणजे मांडणीच्या फाइलीतल्या मोजक्या ओळी असतात. त्या लिहिलेल्या असतील तर कुणीही वाचून विचारू शकतो, की ओपीडीचा संगणक आणि बॅकअपचा सर्व्हर एकाच जाळ्यात का आहेत? पडद्यामागे कुठे तरी टिचकीने लावलेलं सेटिंग असेल तर हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, १८० दिवसांचे लॉग भारतात जपावे लागतात, आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. घड्याळाची आणि लॉगची ती ओळ स्क्रिप्टमध्ये असली की प्रत्येक नव्या व्हीएमला ती आपोआप लागते. नसली की कुणाला तरी दरवेळी आठवावी लागते.

लिहून मांडण्याच्या बाजूचा दुसरा पुरावा पैशांचा आहे. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ला सुमारे ६९ अब्ज डॉलरला व्हीएमवेअर विकत घेतली, आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून फक्त वर्गणीची पद्धत ठेवली. फेब्रुवारी २०२४मध्ये ईएसएक्सआयची मोफत आवृत्तीही गेली, ती एप्रिल २०२५मध्ये परत आली. या घडामोडींत अनेक संस्थांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की आपण इथून निघू शकतो का? डिस्कफाइली एका प्रकारातून दुसऱ्यात नेणं तुलनेने सोपं आहे. प्रॉक्समॉक्सने तर २०२४मध्येच ईएसएक्सआयवरून थेट व्हीएम आणण्याची सोय दिली. अडतं ते बाकीचं. कोणता व्हीएम कोणत्या जाळ्यात होता, कोण आधी सुरू व्हायला हवा, विंडोजच्या व्हीएमना नव्या आभासी हार्डवेअरचे ड्रायव्हर आधी घातले का. इथे माझ्या भूमिकेवर एक आक्षेप घेता येतो. व्हीएमवेअरच्या ‘पॉवरसीएलआय’मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टा तरी प्रॉक्समॉक्सवर कुठे चालणार होत्या? नाही चालणार, हे खरं. म्हणून मूल्यं आणि आज्ञा वेगळ्या फाइलींत ठेवाव्यात. किती मेमरी, किती डिस्क, कोणतं जाळं, कोणता पत्ता ही यादी एका साध्या फाइलीत असावी, आणि ती वाचून काम करणाऱ्या आज्ञा दुसरीकडे. उत्पादन बदललं तर आज्ञा नव्याने लिहाव्या लागतील, पण संस्थेचं ज्ञान त्या यादीत आहे आणि ती कुठल्याही कंपनीची नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हाताने माणूस एक यंत्र बिघडवतो, स्क्रिप्टने एका क्षणात हजार बिघडवतो. याला पुरावा भरपूर आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या ‘एस३’ साठवण सेवेत ठरलेल्या पद्धतीने आज्ञा देताना एक मूल्य चुकलं, हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास लंगडला. ५ एप्रिल २०२२ला ‘ॲटलासियन’ या सॉफ्टवेअर कंपनीत एक जुनं ॲप काढून टाकणाऱ्या स्क्रिप्टला ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले. ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या आणि शेवटची परत यायला १८ एप्रिल उजाडला. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘युनिसुपर’ या निवृत्ती निधीची गूगल क्लाउडवरची व्हीएमवेअर यंत्रणाच नाहीशी झाली, आणि सहा लाखांहून अधिक सभासदांना आपली खाती दिसेनाशी झाली. गूगलने दिलेलं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. ती यंत्रणा पहिल्यांदा उभी करताना अंतर्गत साधनातलं एक मूल्य रिकामं राहिलं. रिकाम्याचा अर्थ त्या साधनाने ‘एक वर्षाची मुदत, नंतर आपोआप पुसा’ असा घेतला. वर्ष संपलं, यंत्रणा पुसली गेली. ग्राहकाने पुसायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पूर्वसूचनाही गेली नाही.

या घटना शेजारी ठेवून पाहिल्या की चूक कुठे राहते ते कळतं. स्क्रिप्टमधला धोका बहुतेक वेळा तिच्या आज्ञांत नसतो, तिला मिळणाऱ्या मूल्यांत असतो, आणि रिकामं मूल्य सर्वांत घातक. जानेवारी २०१५मध्ये लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच दिसलं. एका स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फोल्डरमधलं सगळं पुसा’ अशी ओळ होती. फोल्डरचं नाव काढण्यात गफलत होऊन ते रिकामं आलं, आणि ओळीचा अर्थ झाला ‘मुळापासून सगळं पुसा’. वापरकर्त्याच्या फाइली गेल्या. लिनक्सवर स्क्रिप्टा चालवणाऱ्या ‘बॅश’मध्ये ‘सेट -यू’ लिहिलं की न दिलेलं नाव वापरताच स्क्रिप्ट थांबते, आणि ही ओळ प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर हवी. पण नाव आहे आणि मूल्य रिकामं आहे, ही अवस्था तिला पकडता येत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागते. ज्या ज्या ओळीत ‘पुसा’ असेल तिच्याआधी मूल्य आहे का, ते अपेक्षित प्रकारचं आहे का, आणि परिणाम किती यंत्रांवर होणार, हे तीन प्रश्न स्क्रिप्टनेच विचारले पाहिजेत. घडवणारी आणि मोडणारी स्क्रिप्ट एकच असू नये. आधी ‘काय होईल’ ते नुसतं दाखवणारी फेरी, मग खरी फेरी. अन्सिबलमध्ये ही सोय आहेच. ॲमेझॉनने २०१७नंतर आपल्या साधनात नेमकं असंच बंधन घातलं. सर्व्हर हळूहळूच बंद होतील आणि किमान संख्येखाली जाणार नाहीत. माझ्या बाजूचा खरा मुद्दा इथे आहे. स्क्रिप्टमधली चूक सापडली की ती एकदा दुरुस्त होते आणि सगळ्यांसाठी होते. हाताने केलेली चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त पुढच्या माणसाकडून पुन्हा होण्याची वाट पाहते.

चुकीइतकाच धोका स्क्रिप्टच्या मौनात असतो. ३१ जानेवारी २०१७ला ‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. ही हाताची चूक होती. पण बॅकअपकडे वळल्यावर कळलं की रोजचा बॅकअप काही काळापासून तयारच होत नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती आणि बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नव्हती. साधन अपयशाची ईमेल पाठवत होतं, पण त्या ईमेलवर आवश्यक प्रमाणीकरण नसल्याने त्या नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणी तरी घेतलेली प्रत मिळाली म्हणून नुकसान सहा तासांवर थांबलं. कंपनीने ही सगळी हकिगत उघडपणे मांडली, त्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. अपयश कळवणं पुरेसं नाही. यशाची खबर रोज आली पाहिजे आणि ती न आल्यास कुणी तरी दचकलं पाहिजे. प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा बॅकअप व्हीएमचा असतो, त्या व्हीएमच्या मांडणीसकट. पण होस्टचं स्वतःचं नेटवर्क, साठवण, वापरकर्ते यांची मांडणी त्यात येत नाही. बिऱ्हाडांचं सामान जपलं जातं आणि वाड्याचा नकाशा हरवतो. तो नकाशा स्क्रिप्टमध्येच राहू शकतो.

‘आमच्याकडे एकच सर्व्हर आहे, एवढा व्याप कशाला?’ हा आक्षेप लहान संस्थांकडून येतो आणि तो मनापासून असतो. पण मला वाटतं, एकच सर्व्हर असणाऱ्याला याची गरज अधिक आहे. ज्याच्याकडे दोनशे आहेत त्याला उरलेल्या १९९ मधून पाहून घेता येतं. ज्याच्याकडे एकच आहे त्याचा तो पाच-सहा वर्षांनी एकदा मरतो, आणि तोवर तो मांडणारा माणूस नोकरी बदलून पुण्याहून हैदराबादला गेलेला असतो. वेळ लागतो हे खरं. हाताने एका दुपारी होणारं काम नीट लिहून काढायला आठवडा जाऊ शकतो. तो आठवडा काढावा. वेबपॅनेल वापरू नका असंही मी म्हणत नाही. पाहण्यासाठी, एखादा व्हीएम का रखडला आहे ते शोधण्यासाठी पॅनेल उत्तम. बदल मात्र फाइलीत करावा आणि तिथून होस्टवर न्यावा. प्रॉक्समॉक्सचं पॅनेल ज्या एपीआयवर चालतं तोच आज्ञांतूनही वापरता येतो, त्यामुळे सोय काही कमी होत नाही. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या स्क्रिप्टा रूटच्या अधिकाराने थेट चालवण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. आधी वाचावी, समजली तरच चालवावी.

उरतो माणसांचा प्रश्न. अनेक ठिकाणी एकाच इंजिनियरला सगळं ठाऊक असतं, आणि लिहून दिलं तर आपली गरज संपेल असं त्याला वाटतं. त्याची ही चिंता संस्थांनीच निर्माण केलेली असते, कारण त्या त्याला फक्त बिघाडाच्या रात्री ओळखतात. लिहिणाऱ्याच्या कामाची नोंद बढतीत आणि पगारात दिसली तर ही गाठ सुटते. नवशिके फक्त स्क्रिप्ट चालवतील, आतलं काही शिकणार नाहीत, ही भीतीही बोलून दाखवली जाते. माझं अनुमान उलटं आहे. पाहून पाहून शिकण्यापेक्षा वाचून शिकणं अधिक पक्कं होतं, फक्त वाचण्याजोगं लिहिलेलं हवं. स्क्रिप्टमध्ये ‘#’ या खुणेपुढे काहीही लिहिता येतं, मराठीतही. आज्ञा काय करते ते तिथे लिहू नये, ते आज्ञाच सांगते. का केलं ते लिहावं. ‘हिशोब विभागाचा जुना प्रिंटर हाच पत्ता शोधतो, म्हणून तो बदलू नये.’ अशी एक ओळ पुढच्या माणसाचा आख्खा दिवस वाचवते. बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’मध्ये स्क्रिप्टा ठेवल्या तर प्रत्येक बदल कुणी, कधी, कशासाठी केला तेही राहतं. पासवर्ड मात्र या फाइलींत कधीही असू नयेत. ते अन्सिबलच्या वॉल्टमध्ये किंवा वेगळ्या तिजोरीत, आणि तिची किल्ली किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे.

हे सगळं घडवून आणण्याची सर्वांत सोपी जागा सर्व्हर रूममध्ये नाही, ती कराराच्या कागदावर आहे. म्हणून संचालक, प्राचार्य, व्यवस्थापक आणि संस्थांचे सचिव यांना माझी विनंती आहे. पुढचा सर्व्हर घेताना किंवा देखभालीच्या कराराचं (एएमसी) नूतनीकरण करताना एक कलम घाला, की होस्ट उभा करणाऱ्या सर्व स्क्रिप्टा आणि मूल्यांची यादी संस्थेच्या मालकीची राहील आणि कामाबरोबरच सुपूर्द केली जाईल. त्याला जोडूनच दुसरं कलम घाला. एका रिकाम्या यंत्रावर, ज्याने त्या लिहिल्या नाहीत अशा व्यक्तीने त्या चालवायच्या, कालच्या बॅकअपमधून एक तरी व्हीएम सुरू करून दाखवायचा, आणि हे वर्षातून एकदा पुन्हा करायचं. हे होईपर्यंत शेवटच्या हप्त्याचं बिल मंजूर करू नका.